डब्याला दुसरं भोक

…नाही, तुम्हीच सांगा! झोपलेल्या बाळाला गदागदा हलवून "झोपलास का रे?" असं विचारणारा माणूस आणि चालणारी वस्तू उघडून "चालतेय का?" ते बघणारा माणूस, यांच्यात काही फरक आहे? शून्य! आणि हा दुसरा माणूस कोण? मी! चालत होता हो… चांगला चालत होता!

डबा म्हणतोय मी. जेवणाचा नव्हे, गिटारचा. गिटारवाले पायाशी एक अल्युमिनियमचा डबा ठेवतात बघा, साबणाच्या वडीपेक्षा जरा मोठा, वर दोन खुंट्या, एक बटण. बटण पायाने दाबलं की दिवा लागतो आणि गिटारचा आवाज बदलतो. त्याला पेडल म्हणतात. आमच्याकडे डबाच म्हणतात, कारण पहिल्या दिवशी बायकोने विचारलं, "हा कसला डबा?" आणि आमच्या घरात तिने एखाद्या वस्तूला एकदा हाक मारली की त्या वस्तूचं नाव तेच. मी स्वतः गेली तेवीस वर्षं 'अहो' आहे.

तर डबा. घरी बनवलेला! मी! या हातांनी! सुटे भाग मागवून, पट्टीवर एकेक भाग बसवून, सोल्डर करून, दोन वर्षांपूर्वी मुलीसाठी बनवला. आणि आवाज कसा यायचा सांगू? गिटारचा मूळ आवाज, आणि त्याच्या मागोमाग, जरासा उशिरा, जरासा डुलत, त्याचीच सावली. बस्स. मूळ आणि सावली. ऐकलं की वाटायचं, गिटार पाण्याखाली वाजतेय आणि आपण काठावर पाय सोडून बसलोय. एका वायरने आत, एका वायरने बाहेर. एवढंच. चांगला चालत होता हो!

मग मी काय केलं? त्याला दुसरं भोक पाडलं.

आता तुम्ही म्हणाल, माणसाला इतकी कसली खाज असते? तुम्हाला सांगतो, त्याचं मूळ माझ्या धंद्यात आहे. मी कवळ्या बनवतो. डॉक्टर माप घेतो, ते आमच्या लॅबमध्ये येतं, मी त्यावरून कवळी घडवतो, मेण, प्लॅस्टर, घासणं, पॉलिश, सत्तावीस वर्षं हेच. आणि कवळीचा नियम एकच, दोन्ही बाजू सारख्या बसल्या पाहिजेत! डावीकडे केसभर उंच झाली की पेशंट तिसऱ्या दिवशी दारात, "डॉक्टर, एकाच बाजूला लागतंय हो," आणि डॉक्टर मला फोन करून असा बोलतो की जणू त्या पेशंटला मीच चावलोय. त्यामुळे एक बाजू आहे आणि दुसरी नाही, हे माझ्याच्याने बघवत नाही. भिंतीवर इकडे फोटो असला की मी तिकडे कॅलेंडर लावतो. रोग आहे हा, मान्य! पण मग रोग्याच्या हातात स्क्रूड्रायव्हर देऊ नये ना!

दिला कोणी? मुलीने.

मुलगी शिकायला दुसऱ्या गावी असते, महिन्या-दोन महिन्यांनी येते. गाते. स्वतः गाणी करते आणि गाते, आणि बाप म्हणून नाही सांगत, चांगली गाते. पण दार लावून! मागच्या वर्षी कॉलेजच्या कार्यक्रमात उभी राहिली, तीन ओळी म्हटल्या, चौथ्या ओळीला आवाज गेला, गिटार खुर्चीवर ठेवली आणि स्टेजवरून चालत निघून गेली. टाळ्या नाहीत, काही नाही, नुसता पंख्यांचा आवाज. आम्ही दोघं धावत मागे गेलो तर जिन्याखाली बसलेली, आणि मला म्हणाली, "बाबा, सगळे माझ्याकडे बघत होते." आता स्टेजवर गेल्यावर बघणारच ना? पण हे काय त्या वेळी बोलायचं असतं? मी बोललो. बायकोने जे बघितलं माझ्याकडे…

त्यानंतर आठ महिने घरात सूर नाही. गिटार कपाटावर. आणि मग एका दुपारी खोलीतून डब्याचा आवाज आला. हळूहळू गाणंही आलं. हळूहळू दारही थोडं उघडं राहायला लागलं. मला म्हणाली, "बाबा, डबा लावला ना, की मला वाटतं मी पडद्यामागे बसून गातेय. कुणाला दिसत नाही मी." मी लॅबमध्ये गेलो आणि बाथरूममध्ये जाऊन रडलो हो! चार चिपा आणि मूठभर रेझिस्टर, आणि माझी पोर परत गायला लागली!

मग तिने स्वतःहून नाव दिलं. वाचनालयाच्या हॉलमध्ये रविवारी दुपारी कार्यक्रम असतो, नव्या लोकांनी आपापलं गाणं म्हणायचं. तीन महिने होते मध्ये, आणि परीक्षेमुळे तोवर ती घरी येणार नव्हती. जाताना डबा माझ्या हातात दिला. "बाबा, बटण अडकतंय, तेवढं बदलून ठेव. बाकी कशालाही हात लावू नकोस हं." मी म्हटलं, "छे! मी कशाला लावतोय?"

बटण दहा मिनिटांत बदललं. आता झाकण लावायचं की नाही? चार स्क्रू! चार स्क्रू आवळायचे आणि उठायचं, संपला विषय, आज मी सुखी माणूस असतो! पण मी आत बघितलं… आणि मला दिसलं की आवाज आत जायचं भोक मागे मधोमध, ते ठीक, पण उजव्या बाजूला आवाज बाहेर पडायचं एक भोक आहे, आणि डाव्या बाजूला… काही नाही. नुसती जागा. रिकामी! किडाच वळवळला डोक्यात. मला तिथे दात नसल्यासारखं वाटायला लागलं.

आता इंटरनेटवर एक महापुरुष आहे. खरं नाव कुणाला माहीत नाही, सगळे त्याला सोल्डरबुवा म्हणतात. जगात कुणीही काहीही विचारलं की हा माणूस दहा मिनिटांत हजर, आणि उत्तराची सुरुवात ठरलेली, "मित्रा, अगदी सोपं आहे." मी विचारलं, बुवा, एका बाजूने आवाज येतो, दोन्ही बाजूंनी काढायचाय, स्टिरिओ करायचंय, काय करू? "मित्रा, अगदी सोपं आहे. तुझ्याकडे मूळ आवाज आहे आणि सावली आहे. एका भोकातून मूळ अधिक सावली बाहेर काढ. दुसऱ्यासाठी सावली उलटी कर आणि मूळ वजा सावली बाहेर काढ. दोन बाजूंना दोन स्पीकर ठेव आणि मध्ये बस. स्वर्ग! एक चिप, चार रेझिस्टर. पंधरा मिनिटांचं काम."

पंधरा मिनिटं! अकरा आठवडे लागले मला, अकरा!

आणि उत्तर केवढं? आकृत्यांसकट पाच पानं. लॅबच्या प्रिंटरवर छापून घेतली. म्हणजे चार छापली. पाचव्या पानावर एकच ओळ होती तळाशी राहिलेली, मी म्हटलं शुभेच्छा-बिभेच्छा असतील, एका ओळीसाठी अख्खा कागद कशाला वाया घालवायचा? त्या कागदाची काटकसर केली मी… जाऊ दे, ते पुढे येईलच.

पहिल्या रविवारी भोक पाडायला घेतलं. लॅबमधलं कवळी घासायचं मशीन घरी आणलं, म्हटलं आपला हात बसलेला आहे, दाताच्या खाचेत काम करणारा माणूस मी, डब्याला भोक म्हणजे काय! टोक सटकलं. सर्रकन डब्याच्या अंगावरून पार पलीकडे. आणि त्या बाजूला मुलीने पांढऱ्या नेलपॉलिशने एक छोटा मासा काढला होता. त्याची शेपटी गेली. बायको बाजूलाच वर्तमानपत्र वाचत होती, तिने मान वर केली, माशाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि परत वर्तमानपत्र.

दुसऱ्या आठवड्यात चिप बसवली. चिपच्या एका टोकाला खाच असते, ती कुठे यायला हवी हे चित्रात दाखवलेलं असतं, चित्र बरोबर होतं, चिप बरोबर होती, मी कागद उलटा धरला होता. बॅटरी लावली आणि असा वास सुटला! बायको आतून, "अहो, काही जळतंय का?" मी म्हटलं, "नाही, नाही, शेजाऱ्यांकडे!" तेवढ्यात शेजारीण दारात, "तुमच्याकडे काही जळतंय का?"

मग दुसरी चिप. मग पट्टीवरची तांब्याची रेघच उचकटून आली, कागदावरचं तिकीट सुटावं तशी. मग तिच्याऐवजी तार टाकली. मग ती तार शेजारच्या तारेला टेकली. मग सातव्या आठवड्यात तर अशी वेळ आली की डाव्या भोकातून नाही, उजव्या भोकातून नाही, कशातूनच आवाज नाही! जे आधी होतं तेही गेलं! आणि नेमका त्याच संध्याकाळी मुलीचा फोन.

"बाबा, बटण झालं का?"

"झालं की! केव्हाच!"

"मग ऐकव ना जरा फोनवर. आठवण येतेय त्या आवाजाची."

आता काय करू? समोर टेबलावर डबा उताणा पडलाय, आतडी बाहेर! मी म्हटलं, "अगं… बॅटरी संपलीय."

"मग नवी लाव."

"दुकान बंद आहे."

"संध्याकाळी सहाला?"

सत्तावीस वर्षं मी लोकांना खोटे दात करून देतोय, पण खोटं बोलायला म्हणून जमत नाही. बायकोने हातातून फोन घेतला आणि म्हणाली, "बाबा त्यात घुसलेत. काळजी करू नकोस, तुझ्या कार्यक्रमाच्या आधी बाहेर काढते." बाबांना की डब्याला, ते काही सांगितलं नाही तिने.

फोन ठेवल्यावर मला म्हणते, "चालत होता ना?"

होता हो… चांगला चालत होता!

परत सोल्डरबुवा. "मित्रा, अगदी सोपं आहे. सगळं काढ आणि परत बसव." काढलं. बसवलं. दोन्ही बाजूंनी आवाज आला! आणि आवाजाबरोबर आली घरघर. घूंऽऽऽऽ… अखंड! डावीकडून घूं, उजवीकडून घूं. अगदी सारखी हं दोन्हीकडे! बायको म्हणाली, "माझ्या कानाला ऑफिसात लोकांची रांग असते, घरी ही." ती पोस्टाच्या खिडकीवर बसते. "ती रांग निदान पाचला संपते."

घरघर घालवण्यात दोन आठवडे गेले. ते मी सांगत नाही, तुम्हाला घरी जायचं असेल.

आणि मग, तुम्हाला सांगतो, अकराव्या आठवड्यातला गुरुवार. लॅबमधून लवकर आलो, शेवटची तार जोडली, एक वायर मुलीच्या अँपमध्ये, म्हणजे गिटारच्या स्पीकरमध्ये, दुसरी जुन्या म्युझिक सिस्टीममध्ये, दोन्ही खोलीच्या दोन टोकांना, मध्ये खुर्ची. बटण दाबलं. गिटारची एकच तार छेडली…

आहाहा! अहो, भिंती मागे सरकल्या! आमची ती दहा बाय बाराची खोली, हॉल झाली हॉल! डाव्या कानातून उजव्या कानात, उजव्यातून डाव्यात, सावली अशी घरभर फिरतेय… मी डोळे मिटून बसलो. दोन्ही बाजू सारख्या! केसाचाही फरक नाही! बायकोला हाताला धरून आणली, खुर्चीत बसवलं. म्हटलं, "नाही, जरा डावीकडे. इतकी नाही. मान सरळ. हं. आता ऐक."

तिने ऐकलं. म्हणाली, "छान आहे."

"नुसतं छान?"

"आधी भाजी चिरताना तिकडे यायचा, तोही छान होता. आणि खुर्चीत बसावं लागत नव्हतं."

शनिवारी मुलगी आली. आधी मासा बघितला. शेपटीवरून बोट फिरवलं नुसतं. मग दुसरं भोक बघितलं आणि मला म्हणाली, "बाबा… मी हात लावू नकोस म्हटलं होतं ना?" मी म्हटलं, "तू आधी ऐक तर!" वाजवून बघितलं. बराच वेळ वाजवलं. म्हणाली, "माझाच आवाज आहे ना हा? तोच आहे ना? उद्या हाच येईल?" मी म्हटलं, "तोच! दुप्पट!" तिला दुप्पट नको होता हो. तिला तोच हवा होता.

रविवार. वाचनालयाचा हॉल. शंभर-एक खुर्च्या, सगळ्या भरलेल्या. मी आत शिरल्या शिरल्या काय बघितलं असेल? स्टेजच्या डावीकडे एक मोठा स्पीकर, उजवीकडे एक मोठा स्पीकर! दोन! माझ्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. सरळ साउंडवाल्याकडे गेलो. माझ्याच वयाचा माणूस, टेबलावर शब्दकोडं सोडवत बसलेला. म्हटलं, "नमस्कार, आमच्या मुलीच्या डब्यातून दोन वायरी येतील."

कोड्यातून मान वर न काढता म्हणाला, "एक द्या. एक पुरे."

एक पुरे! अकरा आठवडे! मी म्हटलं, "अहो, दोन आहेत. एक डावीची, एक उजवीची."

"साहेब, दोन्ही स्पीकरमधून एकच आवाज येतो इथे. डावं-उजवं काही नाही. एक द्या."

इथे… इथे मी गप्प बसायला हवं होतं. त्या भल्या माणसाने मला दोन वेळा सांगितलं हो, एक द्या! एक वायर दिली असती तर डबा होता तसाच वाजला असता, मूळ अधिक सावली, तोच पाण्यातला आवाज, पोर सुखात गायली असती! पण मी? मी त्याला लेक्चर दिलं. म्हटलं, "अर्धाच आवाज घेणार तुम्ही? अर्धा टाकून देणार? कवळी तुम्ही अर्धीच बसवता का तोंडात?" त्याने माझ्याकडे बघितलं. दुसरे बाप पण त्याने बघितले असतील, पण कवळीवाला पहिलाच. शेवटी वैतागून खोक्यातून एक पिन काढली, दोन तोंडांची, म्हणाला, "हे घ्या. दोन्ही वायरी यात घालतो, पुढे एक होऊन जातील. अख्खा आवाज घेतला, झालं समाधान? बसा आता."

झालं! माझं समाधान झालं! मी ऐटीत येऊन बसलो बायकोशेजारी, तिसऱ्या रांगेत, अगदी मधोमध.

मुलगी आली. बसली. मान खाली. पायाने बटण दाबलं, दिवा लागला, पहिला झंकार काढला…

कोरडा.

अहो, ठणठणीत कोरडा! पाणी नाही, सावली नाही, काही नाही! नुसती गिटार! तिने खाली बघितलं. परत बटण दाबलं. दिवा विझला, दिवा लागला. आवाज तोच. परत दाबलं. तोच. आणि मग तिने मान वर करून बघितलं. शंभर माणसांमधून बरोबर माझ्याकडे. ती नजर मी… नाही सांगता येत.

आणि त्याच क्षणी माझ्या डोक्यात बेरीज झाली. सातवीतल्या मुलाला जमेल अशी! मूळ अधिक सावली. मूळ वजा सावली. दोन्ही एकत्र केल्या तर? अधिक सावली, वजा सावली… कटाप! उरलं काय? मूळ! नुसतं मूळ! दोन भाऊ एकच कपाट दोन बाजूंनी ढकलतायत आणि कपाट आहे तिथेच! मी अकरा आठवडे खपून असं सर्किट बनवलं होतं की जे दोन वायरी एकत्र केल्या की स्वतःच स्वतःला पुसून टाकतं! नंतर घरी येऊन ते पाचवं पान उघडलं मी. ती ओळ वाचली. "मित्रा, फक्त एक कर, या दोन वायरी कधीही एकत्र जोडू नकोस." शुभेच्छा!

मी उठलो. एक वायर उपटायची, बस्स, एक वायर! सावली परत! बायकोने मनगट धरलं. "बसा."

"अगं, एक वायर…"

"धाडकन आवाज होईल. सगळे बघतील. बसा. तिने सुरुवात केलीय."

केली होती. सुरुवात केली होती पोरीने. उघड्यावर! पडदा नाही, काही नाही, आवाज थरथरतोय, तो मला ऐकू येतोय, सगळ्यांना ऐकू येतोय. पहिली ओळ. दुसरी. तिसरी. आणि आली चौथी. मी डोळे मिटले. देवाशपथ, मी आयुष्यात कधी काही मागितलं नसेल इतकं त्या एका ओळीसाठी मागितलं. आवाज फाटला. तिथेच, मध्येच, फाटला. पंख्यांचा आवाज यायला लागला. बायकोची नखं माझ्या मनगटात…

आणि ती पुढे गेली! फाटलेला आवाज तसाच घेऊन पाचव्या ओळीत गेली! सहाव्यात! आणि मग तो थरकाप कुठे गेला कळलंच नाही, मान वर, डोळे उघडे, लोकांकडे बघत गातेय माझी मुलगी! शेवटची ओळ तर तिने आमच्याकडे बघून म्हटली. टाळ्या काय, अहो साउंडवाल्याने पेन खाली ठेवलं!

मी काय करत होतो? मी माफीची वाक्यं जुळवत होतो. खाली मान घालून. कार्यक्रम संपला, ती गर्दीतून वाट काढत आमच्याकडे येताना दिसली, मी सुरुवात केली, "हे बघ, ते काय झालं, दोन वायरी…"

तिने मला मिठी मारली. घट्ट. सगळ्यांच्या देखत! आणि कानाशी म्हणाली, "बाबा, मला कळलं. दुसऱ्या ओळीलाच कळलं."

"काय कळलं?"

"काल रात्री मी झोपल्यावर तू मुद्दाम बंद केलास ना तो? नुसता दिवा लागेल असं करून ठेवलंस. तुला माहीत होतं मला लपायची गरज नाहीये. तुला आधीपासून माहीत होतं."

मी तोंड उघडलं. तोंडात सगळं तयार होतं, अधिक सावली, वजा सावली, पाचवं पान, सगळं! आणि खरं सांगतो, खरं तेच बोलणार होतो मी. तेवढ्यात बायकोने पायावर पाय दिला. टाचेने. मी म्हटलं, "हं."

एक 'हं'. संपलं. त्या 'हं' मध्ये अडकलोय मी!

घरी येताना बायको रस्त्यात हळूच म्हणाली, "तुमच्या हातून एक शहाणपणाचं काम झालंय, चुकून का होईना. आता ते दुरुस्त करायला जाऊ नका."

आणि आता काय झालंय सांगू? पोर सगळ्यांना सांगत सुटलीय! मैत्रिणींना, त्यांच्या आईबापांना, वाचनालयात! परवा एक गृहस्थ लॅबमध्ये आले, मला वाटलं कवळीचं काही आहे, तर म्हणाले, "आमचा मुलगा लोकांसमोर बोलत नाही, तुम्ही सल्ला द्याल का?" मी! सल्ला! मी त्यांना पाणी दिलं. आणि सोल्डरबुवाने विचारलं, "मित्रा, कसं झालं स्टिरिओ?" काय लिहू त्याला? दोन्ही बाजू अशा जुळल्यात बुवा, की बाकी काही उरलंच नाही?

तुम्ही म्हणाल, मग आता आतली तार कापून टाका, खरोखरच बंद करा, सुटलात. नाही ना करता येत! घरी ती आता डबा लावत नाही, गिटार तशीच वाजवते, पण प्रत्येक कार्यक्रमाला मात्र तो घेऊनच जाते. गायच्या आधी एकदा पायाने दाबते, दिवा लागतो, कोरडा आवाज येतो, ती हसते आणि गाते. आणि चारही स्क्रूंवर तिने नेलपॉलिश लावून ठेवलंय, लाल! म्हणाली, "बाबा, आता मात्र खरंच हात लावायचा नाही." ते नेलपॉलिश फोडलं की लगेच कळणार.

म्हणजे आत सगळं चालू आहे! आणि उद्या कुठल्या हॉलमध्ये एखाद्या शहाण्या साउंडवाल्याने एकच वायर घेतली, किंवा खरोखरच डावं-उजवं वेगळं ठेवलं, की आली सावली! पाण्यातला आवाज भसकन हॉलभर! आणि तिला कळणार, की बाबाने काही बंद-बिंद केलं नव्हतं. बाबाला आधीपासून काही माहीत नव्हतं.

म्हणून मी जातो. तिच्या प्रत्येक कार्यक्रमाला, तासभर आधी. ती दोन तोंडांची पिन मी स्वतःची घेतलीय, खिशात असते. साउंडवाल्याला हात जोडून सांगतो, "दोन्ही वायरी यात घाला, एक करा, कृपा करा." ते म्हणतात, "काका, असं केलं तर इफेक्ट मरेल." सगळ्यांना माहीत असतं हो, सगळ्यांना! मी म्हणतो, "मरू दे." बाकीचे बाप मुलीचा आवाज नीट लागावा म्हणून धावपळ करतात. मी माझं सर्किट वाजू नये म्हणून करतो. माझ्या उभ्या आयुष्यातलं सगळ्यात चोख काम, दोन्ही बाजूंना केसाचा फरक नाही, आणि ते कुणी कधी ऐकायचं नाही, मीसुद्धा नाही.

आजही आहे कार्यक्रम, पाचला. बायको म्हणते, "आज राहू द्या, इतकं काय, एखादे वेळी डबा बिघडलेलाही असेल, नाही वाजणार." बिघडलेला? अगं, मी केलाय तो! बिघडलेला असता तर निवांत घरी बसलो असतो.